उसळीची उजवी स्प्रिंग

१

आटपाडीच्या माळावर सिदाप्पाने मेंढरे राखली, त्याच्या मायाप्पाने मेंढरे राखली आणि मायाप्पाच्या धुळाने मेंढरे तर राखलीच, पण एका वळवाच्या संध्याकाळी आमची माणसेही राखली. या धुळाचा मुलगा बिराप्पा. तीन पिढ्यांचा कळप त्याने सोडला आणि वयात येताच तो आमच्या येरळा सर्कशीत उसळीवरच्या उड्या शिकायला आला.

उसळी म्हणजे स्प्रिंगांची फळी. तिचे मागचे टोक जमिनीला टेकलेले असते आणि पुढचे दोन जाड स्प्रिंगांवर उचललेले. धावत यायचे, पुढच्या टोकावर दोन्ही पाय आदळायचे, की ती माणसाला वर भिरकावते. त्या जोरावर आमचे उडीवाले घोड्यांच्या रांगेवरून कोलांटी घेत आणि पलीकडच्या गादीवर उभे उतरत. प्रेक्षकांना उडी दिसते, फळी दिसत नाही. सर्कशीतल्या माणसाला मात्र आधी फळी दिसते.

चौऱ्याहत्तर सालच्या दसऱ्याला आमचा तळ कोरेगावात होता. पावसाळा संपून पहिलाच खेळ. तंबू माणसांनी भरला होता. आमचा पहिला उडीवाला जोतीराम धावत आला, फळीवर पाय आदळले आणि समोर जाण्याऐवजी तो उजवीकडे फेकला गेला. रिंगणाच्या लाकडी कठड्यावर त्याचा खुबा आपटला. तो आवाज बँडच्या वर ऐकू आला.

जोतीरामला जीपमधून साताऱ्याच्या दवाखान्यात नेले. माणसे न बोलता उठून गेली. एवढा मोठा तंबू दिवसाउजेडी रिकामा झाला, की आतली हवासुद्धा परकी वाटू लागते. मी मालकांच्या पश्चात सहा हंगाम तो तंबू सांभाळला होता. इतका परका तो कधी वाटला नव्हता.

माझा मुलगा नानासो व्यवस्थापक होता. त्याने तळावरच्या सर्वांना रिंगणात बोलावले आणि फळीखाली बोट दाखवले.

"उजव्या स्प्रिंगेला कानशीची खाच आहे, हे इथं प्रत्येकाला माहीत आहे. जोतीराम उजव्या पायावर जास्त भार देतो, म्हणून ती ताठ करवून घेतली आहे. बघा, खाचेची स्प्रिंग कुठं आहे?"

ती डावीकडे होती.

"स्प्रिंगा काढायचा पाना कुणाजवळ असतो?"

सगळ्यांच्या माना बिराप्पाकडे वळल्या. जोतीराम गेला की पहिली उडी बिराप्पाची, हेही सर्वांना ठाऊक होते. जोतीरामचा थोरला भाऊ आकाराम, आमचा घोडेवाला, त्याने बिराप्पाची मानगूट धरली.

"सोड त्याला," मी म्हणाले.

"आईसाब, ह्यानं माझा भाऊ मारला!"

"तुझा भाऊ जिवंत आहे. सोड म्हटलं ना."

हवालदार आले. नानासोने त्यांना बिराप्पाचे नाव सांगितलेच होते. मी त्यांच्याकडून दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळपर्यंतची मुदत मागून घेतली. तोपर्यंत पोरगा माझ्या ताब्यात राहणार होता, त्यानंतर त्यांच्या.

हा जिव्हाळा कशासाठी, हे सांगितले पाहिजे. बिराप्पा जन्मायचा होता तेव्हाची गोष्ट. आटपाडीत वळवाच्या वाऱ्याने आमचा तंबू उपटला आणि मधला खांब कलला. आत बायका-पोरे होती. घोंगडी पांघरून खेळ बघायला आलेल्या धुळाने खांबाचा दोर दोन्ही हातांत घेतला आणि शेवटचे मूल बाहेर पडेपर्यंत सोडला नाही. दोराने तळहात हाडापर्यंत कापले. त्यानंतर त्याची बोटे पुरती मिटली नाहीत. लोकर कातरायची कात्री त्याला पुन्हा धरता आली नाही. आमच्या मालकांनी त्याला जमीन देऊ केली, जनावरे देऊ केली. धुळाने काही घेतले नाही. "लागंल तवा मागीन," एवढेच म्हणाला. मालक गेले, तरी त्याने मागितले नव्हते.

हवालदारांची पाठ वळताच नानासो जवळ आला.

"आई, ही फळी अपशकुनी निघाली. आजच्या आज जाळून टाकतो."

दुपारी अपघात आणि संध्याकाळी पुरावा जाळायचा, ही घाई मला आवडली नाही.

२

फळी मी रिंगणातच ठेवायला लावली आणि शेजारी खुर्ची टाकून बसले. फळीच्या माथ्यावर बिराप्पाने नेहमीप्रमाणे ओढलेली भंडाऱ्याची पिवळी बोटे होती. जोतीरामच्या पायांनी ती अर्धी पुसली होती. बाकी माथा कोरा होता. खालच्या दोन्ही स्प्रिंगा मात्र नव्या तांब्यासारख्या झळकत होत्या.

बिराप्पा समोर येऊन उभा राहिला. डोळे सुजलेले होते, पण मान ताठ होती.

"पाना कुठं असतो?"

"माझ्या पेटीत, आईसाब."

"खंडेनवमीला कुठं होता?"

"त्या दिशी कुणाचंबी हत्यार कुणाजवळ नसतंय. समदी पूजंला मांडली हुती. चाबूक, दोर, झोपाळ्याच्या दांड्या, पानं, स्वयंपाकातला झारासुदिक."

"परत कधी मिळाला?"

"आज, खेळाच्या घंटेला. पूजलेल्या वस्तूला मधी हात लावायचा न्हाई, ही तुमचीच शिस्त हाय."

"आणि फळी?"

"फळीबी पूजंतच हुती. नानासोंनी आणून रिंगणात मांडली. मी आपला पाया पडलो, भंडारा लावला. खाली वाकून बघाया वेळ गावला न्हाई. नेमी बघतो. आज न्हाई बघितलं."

"जोतीरामची जागा तुला हवी होती?"

त्याने खोटे बोलायचा प्रयत्न केला नाही.

"व्हय, हवी हुती. पर त्यासाठी त्याला पाडायची काय गरज? तो तर जाणारच हुता."

"कुठं जाणार होता?"

बिराप्पाने ओठ चावला. "तुमाला ठावं न्हाई? मग माझ्या तोंडातनं नगो. त्यालाच इचारा."

यानंतर आकाराम आला. त्याचा राग अजून उतरला नव्हता.

"धनगराचं पोर घोड्याच्या रांगेवरनं उडाया लागलं, तवाच मी म्हनलो हुतो..."

"तू काय म्हणाला होतास ते मला नको आहे. तुझं आणि जोतीरामचं उसाच्या बांधावरून वाजलं होतं ना?"

तो चपापला. "ते घरचं हाय, आईसाब. बांधावरनं मी त्याला शिव्या देईन. पर फळी बिघडवीन व्हय? मी पाठीवर घेऊन वाढवलाय त्याला."

"मग चुकून झालं असेल."

"चुकून?" आकाराम हसला, पण ते हसू ऐकवत नव्हते. "आवं, खाच उजवीला ही गोष्ट आमच्यातलं शेंबडं पोरबी जाणतंय. ज्याला ठावं न्हाई, तो पान्याला हातच लावणार न्हाई. ज्याला ठावं हाय, तो चुकणार न्हाई. ही चूक न्हवं. हा डाव हाय."

त्याचे बोलणे बिनतोड होते. मी पुष्कळ वेळ त्यावर विचार केला आणि मला त्यात एकही फट सापडली नाही.

शेवटी नानासोला बोलावले. तो उभाच राहिला.

"फळी रिंगणात तू आणलीस?"

"हो. गडी तोरणं बांधत होते, म्हणून पूजेच्या जागेवरून मीच सुलटी करून आणली. पाने-खिळे तपासायला सवड कुठं होती? पाहुणे, बँड, तिकिटाची गर्दी! सगळं मीच बघायचं, आई. तुम्ही नुसतं खुर्चीत बसून विचारता."

"तुझे वडील याच खुर्चीत बसून विचारत."

"बाबा गेले," तो म्हणाला. "आता तरी त्यांना राहू द्या."

तो निघून गेला. तंबूच्या कडेचे कापड वाऱ्याने आत येत होते आणि बाहेर जात होते. घोड्यांच्या तबेल्यात एक घोडा खूर आपटत होता. कंदील लावायला येणारा गडी मला तिथे बसलेली पाहून दबकला आणि कंदील न लावताच परत गेला.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साताऱ्याला गेले. जोतीरामचा पाय दोरीने वर टांगलेला होता. डॉक्टरांनी मला बाहेरच सांगितले होते : चालेल, पण उडी नाही.

"जोतीराम."

"आईसाब, तुमी कशाला आलाव एवढ्या लांब?" त्याने उठायचा प्रयत्न केला.

"पडून राहा. तू सर्कस सोडून जाणार होतास?"

त्याने छताकडे पाहिले. "मिरजंला एका सर्कशीचा माणूस भेटला हुता. नानासोंना सांगितलं हुतं. दसरा झाला की जातो म्हनालो. लय संतापलं. पर मग म्हनालं, आईला सांगू नगो, मीच सांगीन."

त्याने मला काही सांगितले नव्हते.

"पाय पडला तेव्हा फळी कशी वाटली?"

"उजवीकडं मऊ लागली. चिखलात पाय गेल्यागत. तितक्यात कळलं, की आता काय खरं न्हाई." त्याने मान माझ्याकडे वळवली. "आईसाब, मी पंधरा वर्सं ह्या फळीवर उडालोय. रोज खेळाआधी वाळूचं पोतं टाकून बघतो. पोतं सरळ उडालं तरच माणूस उडायचा, हा मालकांचा नेम."

"काल पोतं टाकलं नाहीस?"

"मी वाळूचं पोतं घिऊन गेलो हुतो. नानासो म्हनालं, पूजलेली फळी हाय, मुहूर्ताची उडी पोत्याची नको, माणसाचीच होऊ दे. उशीरबी झाला हुता."

खाटेच्या कडेला मी हात टेकला. काल संध्याकाळपर्यंत एकच नाव होते. आता दुसरे आले. आपल्याला सोडून जाणाऱ्या उडीवाल्यावर संतापलेला, चाचणी टाळणारा, फळी जाळायला निघालेला माणूस माझ्या पोटचा होता.

"बिराप्पाला काय बोलू नगासा," जोतीराम म्हणाला. "त्यानं केलं नसंल."

"हे तू कशावरून म्हणतोस?"

"त्याला माझ्यापरीस उंच उडायचं हाय. मी लोळून पडलो, तर कुणापरीस उडंल?"

परतीच्या एस.टी.त माझ्या शेजारची जागा रिकामी होती. मी ओळखीची, मोठ्या घरची बाई, म्हणून तिथे कोणी बसले नाही. वाटभर मी एकाच गोष्टीचा विचार करत होते. नानासो रागीट होता, उतावळा होता, पण तो माणूस मारणारा नव्हता. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, त्याला पाना धरताच येत नव्हता. लहानपणापासून त्याने वंगणाला हात लावला नव्हता. त्याच्या वडिलांना तेच खुपत असे.

मग स्प्रिंगा कोणी बदलल्या?

तळावर पोचले, तेव्हा तिकिटाच्या खिडकीपाशी घोंगडी पांघरलेला एक म्हातारा उन्हात उभा होता. त्याचे दोन्ही पंजे अर्धवट उघडे होते.

४

"धुळा," मी म्हणाले.

"व्हय, आईसाब."

तो मेंढरे घेऊन घाटाकडे निघाला होता आणि कोरेगावच्या खालच्या अंगाला कुणाच्या तरी रानात कळप बसवला होता. बाजारात त्याला बातमी कळली. मुलगा सर्कशीत आल्यापासून तो एकदाही तळावर आला नव्हता. पोराने कळप सोडला, हे त्याच्या जिव्हारी लागले होते.

मी त्याला आत बोलावले. तो सावलीत आला, पण बसला नाही.

"मागाया आलोय," तो म्हणाला.

इतक्या वर्षांनी ते शब्द आले होते. "माग."

"पोराला सोडवा असं न्हाई म्हनत. त्यानं केलं असंल, तर त्यानं भोगावं. पर न केलेलं नाव त्याच्या कपाळी नगो. आमाला जमीन न्हाई, घर न्हाई. एका रानातनं दुसऱ्या रानात जायाचं, तर नुसतं नाव म्होरं जातंय. नाव बुडालं, तर कुणी रानात उतरू देत न्हाई."

"मी काय करायचं?"

"खरं काय ते हुडका. आन चार माणसांत, उभं राहून बोला. माझा बिरा निघाला, तर बिराचं नाव घ्या. दुसरं कुणी निघालं, तर त्याचं. कुणीबी असू दे."

"कुणीही?"

"कुणीबी."

मी त्या पंजांकडे पाहिले. "शब्द दिला," मी म्हणाले.

देताना तो शब्द माझ्या घरावर पडणार आहे, हे मला पुरते ठाऊक होते. फक्त कुणावर, ते ठाऊक नव्हते.

५

पूजेची राहुटी अजून मोडलेली नव्हती. काल खेळ मोडल्यावर गड्यांनी सामान पुन्हा तिथेच आणून ठेवले होते. मी आत जाऊन एकेक वस्तू पाहू लागले. चाबकाच्या मुठीला कुंकू. झोपाळ्याच्या दांडीला कुंकू. ढोलाच्या कडीला, बिराप्पाच्या पान्याला, झाऱ्याला, घोड्यांच्या खराऱ्यालासुद्धा. माझी सून विजयमाला कामाची चोख होती. तिच्या तबकातून तळावरची एकही वस्तू सुटली नव्हती.

एकही नाही? मग फळी कशी सुटली? फळीच्या माथ्यावर पिवळे होते, तांबडे नव्हते.

विजयमाला दाराशी आली. मेढ्याकडच्या शेतकरी घरातली मुलगी. लग्न होऊन आली तेव्हा सर्कशीचे नाव काढले तरी दचकायची, आणि आता झोपाळ्याचे बोल्ट स्वतः आवळायची.

"विजयमाला, उसळीला कुंकू लावायचं राहिलं का?"

"न्हाई, आत्याबाई. मी सोता लावलं की."

आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

त्याच क्षणी नानासोचा आदल्या दिवशीचा एक शब्द मला आठवला. 'मीच सुलटी करून आणली.' सुलटी करून! जी पालथी असते, तीच सुलटी करतात.

मी तडक रिंगणात गेले. आकाराम घोडा फिरवत होता आणि बिराप्पा कठड्यावर बसला होता. मी दोघांनाही हाक मारली.

"फळी कुशीवर घ्या आणि पालथी घाला."

काल ज्याने मानगूट धरली तो आणि ज्याची धरली तो, दोघेही तिच्या दोन बाजूंना वाकले. फळी पालथी झाली. तिच्या पोटावर, दोन स्प्रिंगांच्या मधोमध, कुंकवाची पाच बोटे होती आणि वाळलेल्या फुलाची एक पाकळी. स्प्रिंगेच्या वेढ्यात चिंचेचा एक धागा अडकला होता.

"आकाराम, काल तू म्हणालास, ज्याला ठाऊक आहे तो चुकणार नाही. आता इथं माझ्याजागी उभा राहा. खाचेची स्प्रिंग कुठल्या हाताला आहे?"

तो वाकला. मग सरळ झाला. मग पुन्हा वाकला.

"उजव्या," तो म्हणाला. "आवं, पालथ्या फळीवर ही उजवीकडंच हाय."

"म्हणजे स्प्रिंगा बसवणाऱ्याने खाच उजवीकडेच ठेवली. त्याला नेम माहीत होता आणि त्याने तो पाळला. फळी तेवढी पालथी होती. बिराप्पा, तू स्प्रिंगा काढताना फळी उलटतोस?"

"कवाच न्हाई. बाजूला बसून आत हात घालतो."

"आणि तुझा भंडारा?"

"वर लावतो. जिथं पाय टेकायचा, तिथंच डोकं टेकायचं."

"आणि पाना त्या दिवशी पूजेत होता."

यापुढे विचारायचे एकच उरले होते. विजयमाला माझ्या मागोमाग आली होती आणि खांबाला धरून उभी होती. मी तिला राहुटीत नेले.

"आत्याबाई, मी उजवी उजवीकडंच लावली," ती रडत म्हणाली. "दोनदा बघितली. खोटं न्हाई सांगत."

"फळी पालथी का घातलीस?"

"वर माणसांचं पाय पडत्यात. आमच्यात पायाखालच्या वस्तूला कुंकू लावत न्हाईत. पायरीला न्हाई, पायताणाला न्हाई. म्हणून पालथी घातली, पोटाला लावावं म्हणून. तर स्प्रिंगांवर गंज दिसला. देवापुढं तसल्या कशा मांडायच्या? पूजंला आलेल्या पान्यानंच काढल्या, चिंचेनं घासल्या, पुसल्या, परत बसवल्या. मला वाटलं, बिराप्पा बघून खूश हुईल."

"हे नानासोला कधी कळलं?"

"जोतीराम पडला आन ह्यांनी वाकून बघितलं, तवा. मी तिथंच म्हनलं, माझ्या हातनं झालंय. हे म्हनालं, तोंड उघडशील तर बघ."

नानासोला बोलवावे लागले नाही. तो राहुटीच्या तोंडाशी उभा होता. किती वेळ, कोणास ठाऊक.

"आई, ऐकून घ्या. मालकाच्या घरची सून पोलीस ठाण्यात गेली, तर या सर्कशीला कुठल्या गावात मैदान मिळेल? बिराप्पाला चार दिवस ठेवतील आणि पुरावा नाही म्हणून सोडतील. त्याचं काय बिघडतंय? मेंढरांत परत जाईल."

"वाळूचं पोतं कुणी थांबवलं?"

तो राहुटीचा दोर चाचपू लागला.

"तिच्या हातून चूक झाली, नानासो. ती पोत्यानं पकडली असती. पोतं तू थांबवलंस, आणि वर न केलेल्या माणसाचं नाव हवालदाराला सांगितलंस. पहिलं तिचं. बाकी दोन्ही तुझी."

"जोतीराम आपल्याला सोडून चालला होता! मला त्याच्याशी एक शब्द बोलायची इच्छा नव्हती. जा, उडी मार, एवढंच म्हणालो. मला काय ठाऊक?" मग त्याचा आवाज उतरला. "चार लोकांत माझं नाव घेतलंत, तर मी या तंबूत राहणार नाही. मी तुमचा एकुलता एक आहे, आई."

बाहेर खेळाची पहिली घंटा झाली. हवालदार आल्याची वर्दी घेऊन गडी आला आणि माझ्या तोंडाकडे बघत उभा राहिला.

६

मी हवालदारांना पहिल्या रांगेत बसवले. तळावरच्या सर्वांना रिंगणात बोलावले आणि तिकीट काढून आत आलेली गावची माणसेही तिथेच होती. धुळा दाराजवळ उभा होता. त्याला कोणी खुर्ची दिली होती, ती त्याने बाजूला सारली होती.

आमच्या घरातली बाई तोपर्यंत कधी रिंगणाच्या मध्यभागी उभी राहून बोलली नव्हती. मी बोलले. फळी सर्वांसमोर सुलटी करवली, पालथी करवली, खाच दाखवली, कुंकू दाखवले. बिराप्पाचा पाना त्या दिवशी कुठे होता, ते सांगितले. मग म्हणाले, "बिराप्पाने फळीला हात लावलेला नाही. ज्या हाताने लावला, त्याने श्रद्धेने लावला, आणि त्याच्याकडून चूक झाली. तो हात माझ्या घरातला आहे."

सुनेचे नाव घेण्यापूर्वी मी एक श्वास थांबले असेन. तेवढ्यात ती स्वतःच पुढे आली. डोक्यावरचा पदर सावरला आणि रिंगणात उभी राहिली.

"ती मी," विजयमाला म्हणाली. "जोतीरामभावजींची मी गुन्हेगार हाय. बिराप्पा न्हाई."

माणसांतून एक हुंकार उठला. मी हात वर केला.

"आणि खेळाआधीची चाचणी माझ्या मुलाने थांबवली. खरे काय ते त्याला त्याच वेळी कळले होते. तरी त्याने बिराप्पाचे नाव पोलिसांत सांगितले. नानासो माझा, या चंद्राबाईचा मुलगा आहे, म्हणून हे झाकले जाणार नाही. आजपासून तो या सर्कशीचा व्यवस्थापक नाही."

हवालदारांनी जोतीरामचा जबाब घेऊ, मग पाहू, असे सांगितले आणि बिराप्पाच्या पाठीवर हात ठेवून ते गेले. आकाराम बिराप्पासमोर जाऊन उभा राहिला.

"मार माझ्या तोंडात एक," तो म्हणाला.

"नंतर मारतो," बिराप्पा म्हणाला. "आदी स्प्रिंगा नीट बसवू दे की गड्या."

कोणीतरी हसले आणि तंबूतला ताण एकदम सैल झाला.

तेवढ्यात नानासो ट्रंक घेऊन मागच्या दाराने निघाला. तो माझ्याकडे आला नाही. विजयमाला आली, पायांवर डोके ठेवले. मी तिला उठवले. काही सांगावे असे वाटले, पण इतक्या वर्षांच्या सवयीने माझ्या तोंडातून हुकूमच येतो आणि त्या वेळी देण्यासारखा एकही हुकूम उरला नव्हता. ती नवऱ्यामागे गेली. मेढ्याची एस.टी. थोड्या वेळात सुटणार होती.

"आईसाब," बँडवाला जवळ येऊन हळूच म्हणाला, "लोकं बसल्यात. परत पाठवायची का?"

"लोकांनी तिकीट काढलंय. घंटा द्या."

बिराप्पाने स्प्रिंगा बसवल्या. वाळूचे पोते टाकले. ते सरळ उडाले. पुन्हा टाकले, पुन्हा सरळ. घोड्यांची रांग लागली. गादीच्या कडेला, उडीवाला चुकला तर झेलायला, एक माणूस उभा करावा लागतो. ती जागा नेहमी दुसऱ्या उडीवाल्याची. त्या संध्याकाळी आकाराम लगाम दुसऱ्याच्या हातात देऊन तिथे जाऊन उभा राहिला आणि त्याने दोन्ही हात पसरले.

बिराप्पा वाकला, फळीला कपाळ टेकले आणि मागे गेला. मग धावत आला.

तो किती वर गेला, ते मी पाहिले नाही. मी धुळाकडे पाहत होते. म्हाताऱ्याची मान पोराबरोबर वर गेली, तिथे थांबली आणि हळूहळू खाली आली. टाळ्या कडाडल्या. त्याने टाळ्या वाजवल्या नाहीत. ते पंजे वाजत नव्हते.

खेळ संपायच्या आधीच तो माझ्या खुर्चीजवळ आला. कळप एकटा होता, त्याला जायला हवे होते.

"तुमी लय मोठं मोल दिलंसा," तो म्हणाला. "मी मागितल्यापरीस मोठं."

"तू दोर सोडला नव्हतास, धुळा."

त्याने माझ्याकडे, मग माझ्या शेजारच्या, नानासोच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिले.

"फिटलं, आईसाब. समदं फिटलं."

त्याने घोंगडी खांद्यावर टाकली आणि तो निघून गेला. दूर रस्त्यावर मेढ्याच्या एस.टी.चा भोंगा वाजला. मी उठले नाही. शेवटचा खेळ अजून बाकी होता, आणि तो संपेपर्यंत कुणीतरी मालकांच्या खुर्चीत बसून असणे आवश्यक होते.